खानदेशचा हिवाळा आणि अंगणातील जुनी मोटारसायकल

यंत्रांच्या निगेविषयीचे जे सूचनावाङ्मय असते त्याकडे भाषाभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. 'टाकी भरून ठेवावी', 'बॅटरी काढून घरात घ्यावी', 'वाहन नीट झाकावे' ही विध्यर्थी वाक्ये इतकी सरळ दिसतात की त्यांत अभ्यासण्याजोगे काही असेल अशी शंकाही येत नाही. वस्तुतः अशा प्रत्येक वाक्यामागे एक न उच्चारलेले विधान उभे असते. 'बॅटरी घरात घ्यावी' या सूचनेमागे 'बाहेर ती गोठेल' हे विधान आहे. सूचना एका देशातून दुसऱ्या देशात गेली म्हणजे क्रियापद तिच्याबरोबर जाते, पण मागचे विधान मूळ स्थळीच राहून जाते. वाचणाऱ्यास मात्र उणीव भासत नाही, कारण वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असते. जुनी मोटारसायकल हिवाळाभर उघड्यावर ठेवण्याच्या प्रश्नात या गोष्टीचा चांगला पडताळा मिळतो, आणि हा प्रश्न धुळे-जळगावकडे वाटतो तितका गौण नाही.

दसरा-दिवाळीनंतर खानदेशातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. काही पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे जातात, काही दक्षिण गुजरातेत. बारडोलीच्या साखर कारखान्यांवर येणाऱ्या खानदेशी तोडणी कामगारांविषयी यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात केलेले लेखन समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. घराला कुलूप लागते ते थेट उन्हाळ्याच्या तोंडी उघडते. अलीकडे पुष्कळजण गाडी सोबत नेतात. परंतु गाडी फार जुनी असेल, लांबच्या प्रवासाचा भरवसा देत नसेल, तर ती अंगणातच राहते. घरात दोन खोल्या असल्या तर त्या धान्याने आणि भांड्याकुंड्यांनी भरलेल्या असतात. तेथे मोटारसायकलीला जागा कोठून मिळावी? पाचसहा महिन्यांनी परतल्यावर पिस्टन जाम झालेला आढळला तर हंगामाच्या कमाईतला मोठा हिस्सा मिस्त्रीकडे जातो. दुसरीकडे शहरात या जुन्या यंत्रांचे शौकीन आहेत. त्यांचे नुकसान वेगळ्या जातीचे असते, पण कारण तेच.

ही यंत्रे कोणती? ग्रामीण मराठीने सर्वांना मिळून 'फटफटी' हा एकच ध्वन्यनुकारी शब्द दिला असला तरी त्यांची कुळे निरनिराळी आहेत. बुलेट मूळची इंग्लंडातील रेडिच येथील; १९५० च्या दशकाच्या मध्यास ती मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे तयार होऊ लागली. जावा चेकोस्लोव्हाकियातून १९६१ मध्ये म्हैसूरला आली आणि १९७३ पासून 'येझदी' नावाने विकली जाऊ लागली. दूधवाल्यांची म्हणून खेड्यापाड्यांत ठाऊक झालेली राजदूत ही पोलंडमधील एका नमुन्यावर बेतलेली होती. इंग्लंड, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड: तिन्ही कुळे थंड, ओल्या हिवाळ्याच्या देशांतली. या यंत्रांना हिवाळ्यात कसे ठेवावे याविषयी इंग्रजीत जे विपुल लेखन आहे तेही अशाच देशांतले आहे. आज आपल्याकडील शौकीन आणि त्यांच्याकडून ऐकणारे मिस्त्री हेच लेखन प्रमाण मानतात.

त्या लेखनातील धोके पाहू. पहिला धोका पाणी गोठून इंजिनाचे ओतीव काम तडकण्याचा. परंतु बुलेट, जावा, येझदी, राजदूत ही सर्व हवेने थंड होणारी इंजिने आहेत; त्यांत गोठावयास पाणीच नाही. दुसरा धोका बॅटरीचा. पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटरीतील द्रव उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही, आणि पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलाही उणे ८-१० अंशांच्या आसपासच गोठतो. लेह-द्रासला ही सूचना जीव की प्राण म्हणावी अशी आहे. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातील नोंदींमुळे हे गाव महाराष्ट्रातील गारठ्याच्या बातम्यांत दरवर्षी झळकते हे खरे. पण तेथील पारा ५-६ अंशांवर किंवा थोडा आणखी खाली उतरला तरी बॅटरी गोठण्यापासून तो फार दूर असतो. येथे बॅटरी मरते ती नुसती पडून राहिल्याने हळूहळू उतरत जाऊन. म्हणून ती काढून ठेवणे योग्यच, पण घरात नेऊन विसरणे निरुपयोगी. शेजाऱ्याकडे देऊन महिन्यातून एकदा भारित करवून घेतली तर टिकते. सूचना तीच, कारण बदलले. आणि कारण बदलताच करावयाची कृतीही बदलली.

तिसरा धोका रस्त्यावरील मिठाचा. युरोपात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ पसरतात व ते चाकांबरोबर उडून पोलादाला लागते. धुळ्याच्या रस्त्यावर मीठ कोण टाकणार, असे म्हणून ही सूचना बाजूला सारण्याचा मोह होतो. येथे मात्र थांबले पाहिजे, कारण मीठ आहे. ते वेगळ्या वाटेने येते. केळीला पालाश फार लागते, आणि म्युरेट ऑफ पोटॅश या नावाने मिळणारे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, अर्थात मिठाचेच भावंड. खताची गोणी मोटारसायकलच्या मागे बांधून शेतावर नेणे हा रोजचा व्यवहार आहे. शिवणीतून झिरपलेली भुकटी मागच्या मडगार्डखाली, चेनच्या झाकणात आणि सीटखालच्या चौकटीच्या सांध्यात साठते. हे क्षार हवेतील ओल स्वतःकडे ओढतात आणि क्लोराइड पोलादावरील संरक्षक पापुद्रा भेदते. दूध वाहणाऱ्या गाडीवर सांडून आंबलेल्या दुधाचे आम्ल असते, ते निराळेच. म्हणून गाडी उभी करण्यापूर्वीची सर्वांत महत्त्वाची कृती कोणती असे विचारले तर ती झाकणे नसून धुणे होय. भरपूर साध्या पाण्याने, विशेषतः खालच्या अंगाने, धुऊन दोन दिवस उन्हात कोरडी करावी आणि मग उघड्या पोलादावर तेलाचा हात फिरवावा. युरोपीय सूचनेतील 'मीठ' या शब्दाचा खानदेशातला वाच्यार्थ खताच्या गोणीत सापडतो, आणि शब्दशः भाषांतर करणाऱ्याच्या हातून नेमका तोच निसटतो.

आता मूळ प्रश्नाकडे यावयाचे. खानदेशच्या हिवाळ्यात पाऊस नाही, बर्फ नाही, दुपारची हवा कोरडी. मग गंज येतो कोठून? उत्तर दवात आहे. धुळ्याकडे वर्षाचा एकूण पाऊसच पाचसहाशे मिलिमीटरच्या घरातला, त्यातून हिवाळ्यात आकाश बहुधा निरभ्र. दुपारी पारा २८-३० अंशांवर असतो आणि पहाटे ८-१० वर येतो. समजा, दुपारी तापमान २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ३५ टक्के आहे. ही हवा कोणालाही कोरडीच वाटेल. तथापि गणित केले असता तिचा दवबिंदू सुमारे ११ अंश निघतो. म्हणजे त्या हवेला स्पर्श करणारी कोणतीही वस्तू ११ अंशांखाली गेली की तिच्यावर पाणी धरणार. पहाटे हवाच ९ अंशांवर आली तर दव पडणे स्वाभाविक आहे. पण हवा १२ अंशांवर थांबली तरी पेट्रोलची टाकी ओली होऊ शकते, कारण निरभ्र आकाशाखालील उघडा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करून सभोवतालच्या हवेपेक्षा तीनचार अंशांनी, क्वचित त्याहूनही अधिक, थंड होतो.

ही गोष्ट लंडनमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स याने १८१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दवावरील निबंधात प्रयोगांनी दाखविली. दव 'पडते' अशी भाषा तेव्हाही होती, आजही आहे. मराठीतही दव पडते, पाऊस पडतो, धुके पडते. वेल्सने एक फळी चार खुंटांवर आडवी ठेवून सारख्या वजनाचे लोकरीचे पुंजके तिच्या वर व खाली लावले. फळीच्या वरचा पुंजका चांगला ओला झाला. खालच्याने फारच थोडे पाणी घेतले. दव वरून पडत असते तर फळीने ते अडविले असे म्हणून भागले असते. परंतु ते हवेतून वस्तूवर धरत असते, आणि फळीने अडविले होते ते पुंजक्याचे आकाशाकडे उष्णता गमावणे. आपल्याकडील एका जुन्या कारागिरीतही हेच तत्त्व होते. अलाहाबादकडे हिवाळ्याच्या रात्री उथळ मातीच्या भांड्यांत पाणी ठेवून बर्फ मिळवीत असत. १७७५ मध्ये रॉबर्ट बार्कर याने त्याचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडले. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही भांड्यातले पाणी गोठे. जळगावच्या केळी बागायतदाराला हा अनुभव वेगळ्या रूपात असतो. कडाक्याच्या स्वच्छ रात्री केळीवर 'चरका' येतो. तेव्हा बागेत शेकोट्या करून धूर धरतात, रात्री पाणी देतात. ज्या रात्री ढग असतात त्या रात्री त्याला निर्धास्त झोप लागते.

यावरून मोटारसायकलीच्या निवाऱ्याविषयी जे निष्पन्न होते ते रूढ समजुतीच्या उलट आहे. थंडीत माणसावर गोधडी घालतात म्हणून गाडीवरही काहीतरी गुंडाळावे अशी सहजबुद्धी असते. बहुधा खताच्या गोण्यांचे प्लास्टिक किंवा ताडपत्री गाडीवर टाकून खाली दोरीने आवळतात. माणसाला गोधडी उपयोगी पडते, कारण माणूस स्वतः उष्णता निर्माण करतो. उभी असलेली मोटारसायकल तसे काही करीत नाही. पत्र्याला टेकलेले प्लास्टिक रात्री आकाशाखाली स्वतःच थंड होते आणि पत्र्यालाही थंड करते. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या खालची जमीन. खानदेशची काळी माती पावसाळ्यात मुरलेले पाणी कार्तिक-मार्गशीर्षापर्यंत धरून ठेवते. जमिनीपर्यंत आवळलेल्या आच्छादनाखाली दिवसा ऊन लागून ती ओल वाफ होते, बाहेर जाण्यास वाट नसते, आणि रात्री तीच प्लास्टिकच्या आतल्या अंगाला पाणी होऊन टाकीवर व हँडलवर ठिबकते. मोहाच्या भट्टीत वाफ झाकणाला लागून पाझरावी तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे भट्टी रोज पेटते आणि अर्क लोखंड पिते. दोन महिन्यांनी आच्छादन उचलले असता बाहेर राहिलेल्या आरशाच्या दांडीपेक्षा आत झाकलेला सायलेन्सर अधिक गंजलेला दिसतो, आणि मालक हवेला दोष देतो.

गाडीला गोधडीऐवजी मांडव हवा. चार बांबू, त्यांवर ताडपत्री किंवा जुना पत्रा, गाडीपासून हात-दोन हात वर, आणि बाजू मोकळ्या. असा मांडव वेल्सच्या फळीचे काम करतो: आकाशाकडे उष्णता जाण्याची वाट अडते, दव मांडवावर धरते, खालचा पत्रा हवेच्या तापमानाच्या जवळपास राहतो. जी काही ओल येईल ती वाऱ्याने सुकते. भिंतीला लागून पडवी असेल तर तीच उत्तम, कारण मातीची वा दगडी भिंत दिवसाची ऊब रात्री परत देते. गाडीखाली शहाबादी फरशी किंवा फळ्या घालाव्यात. त्याने जमिनीची ओल अडते आणि स्टँडही मऊ मातीत रुतत नाही. धुळीपासून जपण्यासाठी काही गुंडाळावयाचेच असेल तर जुने सुती धोतर किंवा पातळ गुंडाळावे. त्यातून वाफ बाहेर पडते. एक दोष मात्र मांडवालाही घालविता येत नाही. सकाळी ऊन चढताच शेतावरचे दव वाफ होऊन हवा दमट होते, पण बुलेटच्या ओतीव लोखंडी सिलिंडरसारखा जाड भाग तास-दीड तास रात्रीच्या थंडाव्यात राहतो व त्यावर घाम धरतो. यावर उपाय तेलाच्या पातळ थराचाच.

मांडवाच्या विरुद्ध एक खरा आक्षेप आहे, तो अवकाळीचा. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आणि नोव्हेंबर २०२३ अखेरचा अवकाळी पाऊस उत्तर महाराष्ट्राच्या चांगल्या स्मरणात आहे. वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस मोकळ्या बाजूंनी आत शिरतो. तरीही दोनतीन वेळा भिजून वाऱ्याने सुकणे हे शंभर रात्री बंद आच्छादनात घामेजण्यापेक्षा पुष्कळ सौम्य आहे. पश्चिमेच्या बाजूस एक पडदा लावला, खालून वीतभर मोकळा, तर तेवढीही भीती उरत नाही.

पेट्रोलच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत. 'टाकी काठोकाठ भरावी, नाहीतर आत ओल धरते' हे वाक्य मिस्त्रींच्या तोंडी सर्रास ऐकू येते. अर्ध्या भरलेल्या टाकीतील हवा दिवसा प्रसरण पावून बाहेर जाते व रात्री नवी आत येते, हे खरे. पण प्रमाण किती? तेरा लिटरच्या टाकीत साडेसहा लिटर हवा असली तर दिवसाला अर्धा ते एक लिटर हवेची ये-जा होईल. खानदेशी हिवाळ्यातील एक लिटर हवेत पाणी असते सुमारे दहा मिलिग्रॅम. ते सगळेच्या सगळे टाकीत राहिले असे धरले तरी तीन महिन्यांत फार तर ग्रॅमभर पाणी साठेल. तेव्हा टाकीत पेलाभर पाणी निघाले तर ते श्वासातून आलेले नसते. झाकणाचे कुजलेले वॉशर त्याला जबाबदार असते. वॉशरला दहा-वीस रुपये घालावेत आणि मग टाकी भरावी. भरण्याचा उपयोग आहेच, कारण पेट्रोलमध्ये बुडालेला पत्रा गंजत नाही.

दुसरी गोष्ट पेट्रोलच्या बदललेल्या घटनेची. त्यात मिसळण्याच्या इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. ज्या उसाच्या तोडणीसाठी मालक घर सोडून जातो त्याच उसापासून यातले पुष्कळसे इथेनॉल बनते, ही जाता जाता ध्यानात यावी अशी गोष्ट. इथेनॉल पाण्याला सामावून घेते, पण मर्यादेपर्यंत. मर्यादा ओलांडली, आणि थंडीत ती लवकर ओलांडली जाते, की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर धरतात. पेट्रोल कॉक तळाशीच असतो. १९६० च्या दशकातील कार्बोरेटरचे वॉशर आणि रबरी नळ्या या मिश्रणासाठी घडविलेल्या नव्हत्या. म्हणून कॉक बंद करून कार्बोरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे आणि खालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढावेत. मुक्काम सहा महिन्यांचा असेल आणि टाकी आतून शाबूत असेल तर ती पूर्ण रिकामी करून आत थोडे तेल फिरविणे अधिक बरे.

येथे आणखी एका प्रथेचा विचार करणे प्राप्त आहे. तिच्यामागे जिव्हाळा आहे, म्हणून ती मोडणे कठीण. 'दर आठवड्याला कोणीतरी किक मारून गाडी दोन मिनिटे चालवावी' असे सांगून लोक गावाला जातात. शेजारचा मुलगा ते काम आनंदाने करतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते. गरम इंजिनातून ते वाफ होऊन निघून जाते. दोन मिनिटांत मात्र सायलेन्सर तापत नाही. ती वाफ थंड नळीतच पाणी होऊन बसते, आणि चार-स्ट्रोक इंजिनात तिचा काही भाग रिंगांवरून खाली जाऊन तेलातही मिसळतो. पुढच्या आठवड्यात त्यात भर. म्हणजे बाहेरून दवापासून जपलेल्या गाडीला आतून दर आठवड्याला दव पाजले जाते. गाडी चालवावयाची तर अर्धा तास रस्त्यावर चालवावी. ते शक्य नसेल तर किकला हातही लावू नये. त्यापेक्षा प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल घालावे, किक हाताने सावकाश चारपाच वेळा दाबावी, पिस्टन दाबाच्या टोकाला आणून ठेवावा आणि प्लग परत बसवावा. बुलेटमध्ये त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. पिस्टन जाम होणे म्हणजे बहुधा रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधील गंजाची पकड होय, आणि ती या दोन चमच्यांनी टळते.

बाकीचे थोडक्यात. सायलेन्सरच्या तोंडात तेलकट चिंधी घालावी, नाहीतर कुंभारमाशी आत मातीचे घर करते. चिंधीचे टोक बाहेर लोंबते ठेवावे म्हणजे पुढे विसर पडत नाही. उंदीर व खारी सीटखाली कापसाचे घरटे करतात, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांना कापसाला तोटा नसतो; तेव्हा सीटखालचे वायरिंग एकदा पाहून ठेवावे. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. टायर व सीटचे रेक्झिन थंडीने तडकत नाही, उन्हाने तडकते. खानदेशात हिवाळ्याचे ऊनही ऊनच असते.

या सर्व सूचना मराठीत, किंबहुना अहिराणीत, लिहावयाच्या झाल्या तर पहिला शब्द कोणता असावा? इंग्रजी सूचनेचा आरंभ ऋतूच्या नावाने होतो. परंतु 'हिवाळा', किंवा ळ चा य करणाऱ्या अहिराणीतला 'हिवाया', हा शब्द युरोपीय शब्दाचा कोशगत पर्याय असला तरी मोटारसायकलीच्या दृष्टीने त्याचा समानार्थी नाही. ओल्या, खारट, गाडी बंद ठेवावयास लावणाऱ्या ऋतूचा आपल्याकडील खरा पर्याय शोधावयाचा तर तो कोकणच्या पावसाळ्यात सापडेल. रत्नागिरीच्या मालकाने इंग्रजी पुस्तक आषाढात उघडावे, पौषात नव्हे. धुळ्याच्या सूचनेत ऋतूऐवजी रात्रीचा निर्देश हवा: 'आकाश स्वच्छ असेल त्या रात्री'. हे वाक्य शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही, कारण केळीच्या बाबतीत तो तेच म्हणत असतो.

फाल्गुन-चैत्रात परतल्यावर पहिली किक मारण्याची घाई करू नये. सायलेन्सरमधील चिंधी काढावी, प्लग काढून किक हाताने फिरते का ते पाहावे. टाकी भरून ठेवली असेल तर कॉकखाली काचेची बाटली धरून पेलाभर पेट्रोल तीत घ्यावे आणि ते पाच मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर तो ओतून टाकून पुन्हा बाटली भरावी. थर जाड असला तरी दचकण्याचे कारण नाही. पाण्याबरोबर इथेनॉलही खाली उतरलेले असते, त्यामुळे तो पाण्यापेक्षा कितीतरी अधिक दिसतो. बाटलीत विभागणारी रेघ दिसेनाशी झाली म्हणजेच नळी कार्बोरेटरला जोडावी.